ओव्याच्या पानावरची टमाटी

हे बघ धने, आज तू फक्त ऐकायचं. रस पी, बर्फ चाव, काय पण कर, पण मध्ये बोलू नकोस. तू बोललीस की मला रडू येईल आन् हितं रसवंतीत सगळे बघत बसतील. मी एका दमात सांगते... नंतर तू बोल. नंतर तुलाच बोलायचंय.

आमच्या खानावळीत तू शेवटची आलीस ती बारावीत. तवा निस्ती ओसरी होती. आता कुरकुंभला पोरं वाढली तसं अब्बांनी पुढं पत्र्याचं शेड टाकलंय, बाकडी टाकलीत, आन् स्वयंपाकघराला एक खिडकी फोडलीय. आत शेगडीपाशी अम्मी, भाकरीला ललितामावशी, आन् खिडकीत मी. ताटं द्यायची, डबे भरायचे. शिफ्ट सुटली की रांग. बीकॉम करून डबे भरती म्हणून तू मागं हसलीस ना मला? हस. मला ती खिडकी लई आवडायची. का, ते ऐक.

एप्रिलमधी आमच्या शेडचा पत्रा असा तापतो की खाली बसवत न्हाई. पोरं कंपनीतनं येतात तीच वाफाळून आलेली असतात, भाजी बघून तोंड फिरवतात. म्हणून उन्हाळा लागला की अम्मी टमाटी मुरवती. ती कशी करतात ते तुला सांगायलाच पायजे, त्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई. घट्ट लाल टमाटी घ्यायची. पिलपिली न्हाई. मोठ्या मोठ्या फोडी करायच्या. पसरट भांड्याच्या तळाला ओव्याची पानं अंथरायची. ते कुंडीत असतं बघ, जाड, लव असलेलं पान, लहान पोरांना खोकल्याला देतात, ते. पण ते कापायचं न्हाई, हातानं चुरगाळायचं. सुरी लागली की वास मरतो, अम्मी म्हणती. त्यावर फोडी, मीठ, ठेचलेला लसूण, उभी चिरलेली मिरची, चिमूटभर गूळ, आन् उसाच्या रसाचा सिरका. सिरका अम्मी घरीच घालती, बरणीत. वरनं कच्चं शेंगतेल. मग ओलं फडकं झाकून माठाच्या तिवईखाली, गारव्याला. सकाळी घातलेली टमाटी दुपारच्या शिफ्टला अशी मुरलेली असतात की भाकरी कमी पडते. त्यांना जे पाणी सुटतं ना, आंबटगोड, हिरवट वासाचं... पोरं वाटी तोंडाला लावून पितात.

तर असाच एक दिवस. रांगेत सगळ्यात मागं एक नवीन पोरगा. निळा युनिफॉर्म, गळ्यात कार्ड, बूट धुळीनं पांढरे. मी ताट सरकवलं, तोंडाकडं बघितलं पण न्हाई. तो बाकड्यावर जाऊन बसला. आन् जरा वेळानं वाटी घेऊन परत खिडकीत. मला वाटलं, झालं. केस निघाला.

"यात ओव्याचं पान हाय का?"

"हाय. का, सोसत न्हाई का तुम्हाला?"

"कापलेलं न्हाई... चुरगाळलेलं."

मी त्याच्या कार्डाकडं बघितलं. लॅबमधी होता. मी म्हणलं, "तपासायचं काम तिकडं करा. हितं जेवायचं असतं."

ललितामावशी हसली. तो न्हाई हसला. त्याचे डोळे भरले होते गं. मला वाटलं मिरची लागली, मी पाण्याचा जग पुढं केला. तर हळूच म्हणला, मिरची न्हाई, माझी अम्मी अशीच करायची. ती गेल्यापासून कुठं खाल्ली न्हाई. मावशीनं करून बघितली, फुफीनं करून बघितली, त्यानं स्वतः करून बघितली, पण ती चव काय येईना. आन् हितं, हायवेच्या कडंला, पत्र्याखाली...

तो तसाच वाटी धरून उभा. तुला माहिती हाय माझं, नको तिथं तोंड चालतं, आन् हवं तिथं बंद. शेवटी मी म्हणलं, "अजून एक वाटी देऊ?"

तर असा भेटला आतिफ. मूळचा शिरूरचा. हितं दोन बिहारी पोरांबरोबर खोली करून राहायचा, सुट्टी आली की गाडीवरनं चौफुल्यामार्गे घरी. घरी फक्त अब्बा. हे सगळं मला एका दिवसात कळलं असं समजू नकोस. खिडकीत किती वेळ मिळतो? ताट देता देता एक वाक्य, डबा घेता घेता एक वाक्य. मागचा ओरडतो, ए लॅबवाले, लगीन जमवतो का काय. तरी त्या एका एका वाक्याची मी दिवसभर वाट बघायचे.

सगळ्यांचे डबे परत येतात ते भात चिकटलेले. त्याचा डबा यायचा घासलेला, पुसलेला. मी एकदा म्हणलं, आमच्या घासणीवर भरोसा न्हाई का? म्हणला, न्हाई. मग टमाट्यांवर कसा बसला? तर म्हणला, "टमाट्यांवर कुठं... खिडकीवर बसला."

मागं ललितामावशी खोकली. भाकरी थापताना कुणाला खोकला येतो गं?

दुसऱ्या एका दिवशी वाटीतली एक फोड तोंडात टाकून असं तोंड केलं. "आज सिरका जास्त पडलाय. कुणाचा राग काढला?"

मी खाली बघत डबा भरत होते. म्हणलं, "जे काल आले न्हाईत त्यांचा."

त्या दिवशी तो असा हसला की पत्र्यावरचा कावळा पण हसंल. आन् दुसऱ्या दिवशी शिफ्ट नसताना आला. 'मी आलोय' एवढंच सांगायला. खरंच. आला, म्हणला, मी आलोय, आन् गेला.

मग टमाटी मीच मुरवायला लागले. अम्मी म्हणली, स्वयंपाकघरातनं पळणारी पोरगी, हिला काय झालं? मी म्हणलं, तुझे हात दुखतात ना. अम्मीला तो कोण, काही ठाऊक न्हाई. ती शेगडी सोडून पुढं येतच न्हाई, तिच्यासाठी तो म्हंजी 'टमाटी जास्तवाला'. अब्बांसाठी 'लॅबवाला'. मीच त्याचं काही सांगितलं न्हाई घरात. मला वाटायचं, हे एवढं माझं एकटीचं असू दे. थोडे दिवस.

मे लागला आन् आमची ओव्याची कुंडी करपली. पानं नुसती पिवळी. मी त्याला खिडकीत सांगितलं की आता तुमची टमाटी बंद. पुढच्या सुट्टीहून आला तो भर दुपारी, तोंड लालबुंद, आन् डिकीतनं काढलं काय तर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली फांदी. शिरूरवरनं, त्या उन्हात, सारखं थांबून थांबून तिच्यावर पाणी मारत आणलेली. म्हणला, अम्मीच्या कुंडीतली हाय. अब्बा भाजीत मीठ विसरतील, पण तिच्या कुंडीला पाणी विसरत न्हाईत.

मी बाहेर गेले, आमच्या कुंडीशेजारी डब्यात माती भरली, फांदी खोचली. तो उभा राहून बघत होता. माझ्याकडं न्हाई, फांदीकडं.

"सना, ही हितं रुजली तर... मी पण हितंच रुजावं म्हणतोय."

"कुंडीत?"

"तुझ्या अब्बांना विचारून."

धने, माझ्या हाताला सगळी माती. मी त्याच मातीच्या हातानं तोंड झाकलं. तो हसला न्हाई. फक्त म्हणला, "शुक्रवारी अब्बांना घेऊन येतो. अम्मी असती तर तीच आली असती. तिला तू लई आवडली असतीस." आन् मग तिचं नाव सांगितलं. अमीरबी. संध्याकाळपर्यंत मी मनात घोळवत होते... अमीरबीची सून. अमीरबीची सून. किती छान वाटत होतं ते म्हणायला.

आता ऐक.

त्याच संध्याकाळी मी आन् अम्मी मागच्या अंगणात टमाटी निवडत बसलो होतो. मला तर इतकं भरून आलेलं की कुणाशी तरी त्याच्याबद्दल बोलायचं होतं, त्याचं नाव न घेता. म्हणून मी आपलं विचारलं, अम्मी, हे ओव्याचं पान घालायचं तू कुणाकडनं शिकलीस? दुसरीकडं कुठंच न्हाई असं.

अम्मीचा चेहरा असा खुलला. म्हणली, ते होय... ती तुझ्या जन्माची गोष्ट हाय. तू झालीस तवा मी माहेरी, शिरूरला होते. तुला ठाऊक हाय ना धने, तवा नाना-नानी शिरूरला होते. ते गेले, मामा पुण्याला गेले, मग अम्मी परत कवा गेलीच न्हाई तिकडं. तर अम्मी म्हणली, बाळंतपणानंतर मला असा ताप भरला की मान उचलंना. दूध आटलं. तू वरचं दूध घेईना, घेतलं तर ओकायचीस. तुझी नानी तर हात टेकून बसली होती. आन् भिंतीपलीकडं एक बाई राहायची, तिचा मुलगा अंगावर पीत होता. ती यायची, एका बाजूला त्याला घ्यायची, एका बाजूला तुला. माझा ताप उतरून मला दूध येईपर्यंत तिनंच तुला जगवलं. आन् माझ्या तोंडाला चव न्हाई म्हणून वाटीतनं टमाटी आणायची. ओव्याच्या पानावरची. आपली ही कुंडी पण तिच्याच फांदीची हाय.

मी विचारलं, नाव काय होतं तिचं?

मला ठाऊक होतं गं. विचारायच्या आधी ठाऊक होतं. तरी विचारलं.

"अमीरबी," अम्मी म्हणली. "कुठं असंल आता... भेटली तर तिचे हात चुमीन."

अम्मी हसत होती. माझ्या मांडीत टमाटी होती. मला सांगता पण येईना की अम्मी, ती गेली.

तू अशी बघू नकोस, सांगते. आमच्यात एका बाईचं दूध दोघांनी प्यालं ना, तर ती दोघं भावंडं. तुमच्यात देवक एक निघालं की सोयरीक मोडते ना, तसं... न्हाई, तसं पण न्हाई. तिथं माणूस दुसरी वाट काढतो, कुणी ऐकतं, कुणी न्हाई. आमच्यात हे एकदम सख्ख्या भावासारखं. निकाह होतच न्हाई. पढवला तरी झालेला नसतो. मी तरी दौंडला मदरशात शिकवणाऱ्या खालांकडं गेले, मैत्रिणीसाठी विचारते म्हणलं. थोडंच प्यालं असंल तर? लई लहान असंल तर? कुणाला आठवतच नसंल तर? खाला प्रेमानं म्हणल्या, बेटा, एक घोट पोटात गेला तरी झालं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आन् म्हणल्या, मैत्रिणीला म्हणावं सबर कर. बाहेर येऊन मी स्टँडवर बसले. कुरकुंभच्या गाड्या येत होत्या, जात होत्या. मी कशातच चढले न्हाई.

आन् हे कुणाला ठाऊक? अम्मीला दूध ठाऊक, पण आतिफ कोण ते ठाऊक न्हाई. आतिफला मी ठाऊक, पण दूध न्हाई. त्याचे अब्बा तवा ट्रकवर होते, महिना महिना बाहेर, त्यांना बायकांचं काय ठाऊक. नानी न्हाई. अमीरबी न्हाई. म्हंजी दोन्ही टोकं फक्त माझ्या हातात. मी बोलले न्हाई तर कुणालाच कवा कळणार न्हाई, आन् माझं लग्न होईल. त्याच्याशी.

मी त्याला सांगायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. तो खिडकीत आला, मी तोंड उघडलं... आन् तो म्हणला, शर्ट घेतलाय, आकाशी, अब्बा म्हणतात अजून लग्न न्हाई, नुसता बघायचा कार्यक्रम हाय, तरी घेतला. आन् टमाटी तूच कर हां शुक्रवारी. अब्बांना टमाट्यांचं काही सांगितलं न्हाई, त्यांना चाखूनच कळू दे. त्याचा चेहरा तू बघायला पायजे होतास... पायजे होतीस. बघ, मला बोलता पण येईना. मी म्हणलं, करते.

शुक्रवारी सकाळी मी टमाटी चिरली. मीठ घातलं, लसूण, मिरची, गूळ, सिरका, सगळं घातलं. पान न्हाई घातलं. तळ मोकळा ठेवला. त्याचे अब्बा चाखतील, चव ओळखतील, कुणाकडनं शिकलीस विचारतील, अम्मी आतनं सांगंल... म्हणून. ती करपलेली कुंडी आन् त्याची फांदी, दोन्ही मी पाण्याच्या टाकीमागं सरकवली. बघ, मी काय काय केलं ते. पोरी अशा दिवशी साडी निवडत असतील, मी पानं लपवत होते.

जुम्म्याच्या नमाजनंतर ते आले. आतिफ, आकाशी शर्ट, मान खाली. त्याचे अब्बा, अलीमचाचा, साधा माणूस, दाढी पांढरी, हातात डझनभर केळी. अब्बांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं कशासाठी येतोय, आन् अब्बा अम्मीला म्हणले होते शिरूरचे हायेत. अम्मी म्हणली होती, शिरूर केवढं मोठं हाय. बस. आम्ही दोघी पडद्याच्या आत, स्वयंपाकघरात. ताटं वाढत होतो.

चाचा बाहेरनं म्हणले, "भाभी, माझ्या घरात बाईमाणूस न्हाई, म्हणून मीच बोलायला आलो. आमची अमीरबी असती तर तिनं गोड बोललं असतं. मला जमत न्हाई. चुकलं तर सांभाळून घ्या."

अम्मीच्या हातात डाव होता. तो तसाच राहिला.

तिनं पडद्याच्या फटीतनं बाहेर बघितलं. चाचांकडं, मग आतिफकडं. लई वेळ आतिफकडं. मग वळली, आन् तिची नजर टमाट्याच्या भांड्यावर गेली. तिनं डावानं फोडी बाजूला केल्या. तळाला पान न्हाई. माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं. मला आधीपासनं ठाऊक होतं, हे पण कळलं.

ती खाली बसली. पदर तोंडात धरला आन् आवाज न करता रडायला लागली. मला वाटलं माझ्यासाठी रडते. तर ती पदरातनं म्हणली, "अमीरबी गेली... आन् मला कुणी सांगितलं पण न्हाई."

मग डोळे पुसले. उठली. माझा ओढणीचा काठ सरळ केला. एकदम हळू आवाजात म्हणली, "मी काही ऐकलं न्हाई. मी त्यांना ओळखत न्हाई. तू ताट घेऊन जा."

"अम्मी..."

"दुसरं कुणी उरलं न्हाई ठाऊक असणारं. मी बोलणार न्हाई. जो काय हिशेब असंल तो वर माझ्याकडनं घेतील, तुझ्याकडनं न्हाई. जा."

माझी अम्मी. तापात पण नमाज सोडत न्हाई ती. ती मला म्हणत होती, जा.

बाहेर चाचा वाट बघत होते. आपल्यात कुणी गेल्याचं कळलं की माणूस दोन शब्द बोलतो ना? कवा गेल्या, कशानं गेल्या. परका माणूस पण बोलतो. अब्बा बोलले. चाचा पडद्याकडं बघत थांबले होते, आतनं बाईमाणूस काही तरी बोलंल म्हणून. आन् अम्मी पडद्याला धरून उभी, ओठ हलतात, आवाज न्हाई. बोलली असती तर फुटली असती. मला एकदम दिसलं पुढचं सगळं. माझं लग्न होणार, ही माझ्या सासरी येणार, अमीरबीची कुंडी बघणार, आन् तिच्यासाठी एक शब्द काढता येणार न्हाई हिला. जिनं तिची पोरगी जगवली तिचं नाव घेता येणार न्हाई. मरेपर्यंत. माझ्यासाठी.

मी ताट घेतलं, पडदा सारला, बाहेर गेले. आतिफनं मान वर केली. हसला. धने, ते हसू... मी ताट ठेवलं आन् चाचांपुढं बसले.

"चाचा, अमीरबींनी मला पाजलंय. शिरूरला, माझ्या जन्माला, अम्मीला ताप होता तवा. आम्ही तुमच्या शेजारी होतो." आन् मग ते म्हणायचंच होतं. कुणीतरी म्हणायलाच पायजे होतं. "आतिफभाई... माझे दूधभाऊ हायेत."

मी त्याच्याकडं बघितलं न्हाई. आन् हायवेवरनं एक टँकर गेला, लांबपर्यंत ऐकू आला.

मग काय झालं माहिती हाय? सगळे खुश झाले. ऐक ना, खरं सांगते. अम्मी पडद्यातनं बाहेर आली, रडत, चाचांनी तिला ओळखलं, राबिया तू, ती भिंतीपलीकडची... आन् दोघं अमीरबीचं बोलत बसले. अब्बा म्हणले, अल्लानं वाचवलं, केवढा गुन्हा होता होता राहिला. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणले, पोरगी न्हाई म्हणून अमीरबी झुरायची, बघ, तिनं आधीच करून ठेवली होती. डोळ्यांत पाणी आन् तोंडावर हसू. केळी वाटली. जेवले. आतिफ पण जेवला. टमाट्याची एक फोड तोंडात टाकली, थांबला, भांड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. गिळली.

आन् आता त्याला आमच्या घरात पडदा न्हाई. खिडकीत उभं राहायचं न्हाई. सरळ आत यायचं, शेगडीपाशी बसायचं. अम्मी त्याला बेटा म्हणती, डोकं कुरवाळती. अब्बा म्हणतात, सना, भावाला वाढ. आम्ही एका ताटात जेवलो तरी कुणी काही म्हणणार न्हाई. आधी एका वाक्यासाठी दिवसभर थांबायचे, आता दिवसभर समोर बसला तरी चालतंय. आन् अम्मी त्याच्यासाठी पोरगी बघायला लागलीय. पाटसला कुणीतरी हाय, अम्मीच्याच नात्यातली. मला म्हणली, फोटो बघ, भावाला शोभंल का सांग. अम्मी चांगल्या मनानं म्हणती गं. तिला वाटतं असं केल्यानं माझं मन लवकर निवंल. पण माझ्या डोळ्यांत ती बघत न्हाई. ती जा म्हणली होती, हे तिला पण आठवतं, मला पण.

परवा तो आला होता. त्यानं नोकरी सोडली, गुजरातमधी दुसऱ्या कंपनीत चाललाय. जेवण झालं, मी मागं भांडी टाकायला गेले, तो हात धुवायला आला. नळ सोडला आन् पाण्याच्या आवाजात म्हणला, "तुला आधी ठाऊक होतं."

मी म्हणलं, व्हय.

"पान नव्हतं घातलं त्या दिवशी. म्हंजी तू गप्प बसणार होतीस."

"व्हय."

"मग बोललीस का?"

मी त्याला अम्मीचं सांगणार होते. पण ते त्याला सांगितलं तर अम्मी त्याच्या नजरेतनं उतरंल, आन् आता तिच्याशिवाय त्याला अम्मी म्हणायला कोण हाय? मी ताटातलं खरकटं काढत राहिले.

तो लई वेळ हात धूत होता. मग म्हणला, "ज्याला ठाऊकच न्हाई त्याला कसला गुन्हा, सना? मला कवाच कळलं नसतं. मी सुखानं मेलो असतो. तू एकटीनं पोटात ठेवायचं होतंस... माझ्यासाठी तेवढं पण न्हाई केलंस?"

नळ बंद केला, रुमालाला हात पुसले, आत गेला. आन् आतनं अम्मीला म्हणलेलं मला ऐकू आलं, येतो अम्मी, बहिणीला सांगा.

तेवढं पण न्हाई केलंस, म्हणला. परवापासून माझ्या कानात तेच हाय. मी जे केलं ते बरोबर केलं असं अब्बा म्हणतात, चाचा म्हणतात, खाला म्हणतील. ज्याला लागलं तोच म्हणत न्हाई. आन् खरं सांगू? दुपारी रांग संपली की मी खिडकीत एकटी असते, तवा मला पण वाटत न्हाई. मला वाटतं अम्मी जा म्हणली होती, मी नुसतं ताट ठेवून आत यायचं होतं. एवढंच तर करायचं होतं.

झालं माझं. आता तू बोल धने, माझी शप्पथ, मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस... त्या पडद्यापाशी, हातात ताट घेऊन तू उभी असतीस, तर तू काय केलं असतंस?